सामू पाच पूर्णांक दोन

शिवाजीनगरच्या प्रयोगशाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
काचेच्या दोन पेल्यांत दोन रानं भिजत घातलीत.
एक वेल्ह्याकडची तांबडी,
वर्षानुवर्षं पाऊस पिऊन आंबलेली:
सामू पाच पूर्णांक दोन.
दुसरी शिरूरची काळी, चुनखडीनं बोटांना करकरणारी:
आठ पूर्णांक तीन.

दोघींना एकाच पिपेटनं एकच माप तणनाशक.
मग कुंड्यांत काकडीच्या पाच-पाच बिया.

नवव्या दिवशी शिरूरच्या कुंडीत
पानांच्या कडा करपलेल्या, देठ आडवे.
वेल्ह्याच्या कुंडीत पाचही रोपं ताठ,
जणू त्यांच्या घरी विष आलंच नव्हतं.
आलं होतं.
आंबट मातीनं ते कणाकणाला चिकटवून धरलं होतं,
मुळांपर्यंत पोचूच दिलं नव्हतं.

महिपत रेणुसे बाकावर बसले होते,
मांडीवर मातीची पिशवी, लेकराला धरावं तशी.
"बाई, औषध बोगस निघालं.
मक्यातलं गवत तसंच डुलत राहिलं. मी दुप्पट मारलं.
मग कुणी म्हणालं, रान आंबलंय, चुना टाका. टाकला.
आणि औंदा, फवारा हातात धरला नाही तरी
घेवडा कडेकडेनं पिवळा."

औषध बोगस नव्हतं, मी म्हणाले.
मातीनं मूठ आवळली होती,
चुन्यानं ती सैल झाली.

ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.
"म्हणजे मागल्या साली मारलेलं
यंदा लागलं?"

अहवालाच्या छापील कागदावर रकाने आहेत:
सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश.
"काय धरून ठेवलंय" असा रकाना नाही.
मी समासात पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं,
मलाच नीट वाचता येईना.

जाता जाता त्यांनी काळ्या मातीचा पेला उचलून हुंगला.
"ही गोड आहे. पण ही तर काहीच धरत नाही.
मग हिच्यातलं जातं कुठं?"

"थोडं पिकात. थोडं पावसाबरोबर खाली."
"खाली म्हणजे?"

साडेचारच्या एसटीसाठी ते स्वारगेटला गेले.
मी पिपेट धुवायला नळ सोडला.
पानशेतचं पाणी,
त्यांच्याच डोंगराच्या पायथ्याचं,
धरणाधरणांतून उतरत इथवर आलेलं.

पिपेट तीनदा धुतली.
मग तहान लागली होती तरी
जरा थांबले.