चालू वाचन

तीस वर्षं वीजखात्यात घरोघरचे मीटर वाचले.
निवृत्त होताना एक कोरी वही उरली,
ती खात्याला परत केली नाही.
रकाने छापलेलेच आहेत:
मागील वाचन, चालू वाचन, फरक.
लोटलीच्या सड्यावर दर आयतवारी
मी तीच घेऊन जातो.

आम्ही सातजण. पाऊस असला तर चार.
सुरुवात बाटल्या वेचण्यापासून झाली,
मग रानमोडी उपटू लागलो,
मग कोणीतरी गुडघ्यांवर बसलं
ते उठेचना.

श्रावण, दुसरा आठवडा.
सीतेची आसवं: मागील वाचन शून्य,
चालू वाचन... मोजणं सोडलं.
जांभ्यावर बोटभर पाणी, त्यावर निळं धुकं उभं.
नियती भिंग धरून सांगते,
ह्यांच्या बुडाशी इवल्या पिशव्या असतात,
पाण्यातले किडे आत ओढतात, जिरवतात.
सगुण महिनाभर शिवराक खातोय.
तो जरा मागे सरला.
"म्हणजे श्रावणातसुद्धा?"
आवेलिना हसत हसत दगडावरच बसली.

टिटवी: दोन. दोन्ही आमच्यावर नाराज.
चंडोल: दिसला नाही, ऐकला.
ऐकलेलं वाचनात धरायचं का, ह्यावर एकमत नाही.
फुरसं: एक, दगडाखाली.
दगड होता तसा ठेवला.
कवला: गेल्या खेपेला टाचेखाली आलेला, आज ताठ.

फलकाची गोष्ट लिहायची राहिली.
इनासनं फणसाच्या फळीवर सगळ्यांची नावं रंगवली,
फुलांची, आमची नव्हेत.
खांबासाठी जांभ्यात भोक पाडायचं
म्हणजे पहारीच्याही तोंडचं पाणी पळतं.
दोन आयतवार खपले, हातभर खोल झालं.
तिसऱ्या खेपेला खांब घेऊन गेलो तर
भोकात पाणी,
पाण्यात पंचवीस-तीस काळे स्वल्पविराम,
हलणारे.

खांब खांद्यावर. कोणी बोलेना.
थकलेल्या बिलापायी वीज तोडायला जावं
आणि उंबऱ्यावर तान्हं मूल रांगत यावं, तसं झालं.
तेव्हा मी तोडली होती.
दोनदा.

खांब परत आणला.
फळी आता इनासच्या खुराड्याचं दार आहे.
रोज सकाळी कोंबड्या
गेंद, दवबिंदू, हबेआमरी
बाजूला सारून बाहेर येतात.

चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीसाठी
हरणं न्यायला खालच्या वाड्यावरची पोरं आली.
न्या, सगुण म्हणाला, मुळं ठेवा.
फरक: दोन जुड्या.
रागावलो होतो, ते लिहिलं नाही.

आता गवत पिवळं पडतंय.
आसवं कुठे होती ते दाखवता येत नाही,
पाहुण्यांना नुसता काळा दगड दिसतो
आणि ते विनयानं मान हलवतात.
भोक कोरडं. तळाशी एक पान.
मागील वाचन तीस, चालू वाचन शून्य.
असा आकडा आला की खात्यात आम्ही
'मीटर नादुरुस्त' लिहून पुढच्या घरी जायचो.

पेन धरून उभा राहिलो.
पलीकडे आवेलिना इनासला
झाकणाचं माप सांगत होती, कसल्या ते कळलं नाही.
तेवढ्यात नियती हळूच म्हणाली,
काका, हलू नका.
मग म्हणाली,
आता उचला पाय. डावा.