कनवटीचा फ्यूज

वडगावात लाईट जाते तेव्हा
आधी माग गप्प होतात, मग माणसं.
तेवढ्यात काम उरकून घेऊ म्हणणारे
दोघे मला माहीत आहेत.
एकाची करंगळी वाकडी ती वाकडीच.
दुसऱ्याचं नाव मी घेत नाही.
गेलेली लाईट न विचारता परत येते,
कुणाच्या हातात काय आहे ते ती बघत नाही.
म्हणून आपण बंद करायची, आपल्या हातानं.
भरमू वायरमन हे सांगून गेला;
मी दहावीत होते, स्टूल धरायला.

आज सकाळी मिक्सरची पिन काढताना
मोरीशेजारच्या सॉकेटाचं मऊ झालेलं प्लास्टिक
बोटाला चिकटून आलं.
दुपारी स्टूल काढलं.
टेस्टर आधी चालत्या सॉकेटात घातला. पेटला.
म्हणजे आज तरी तो खोटं बोलत नाही.

बोर्डावर बसलिंगप्पानं कन्नडात लिहून ठेवलंय, अडगी मनी.
स्वैपाकघर.
ते बटण खाली पाडलं. दिवा गेला, फ्रिज थरथरून थांबला.
इन्व्हर्टरही विझवला, तो मागच्या दारानं येतो.
सॉकेटात टेस्टर: लाल.
मेन पाडला. सगळं घर गेलं,
देवघरातला मिरचीएवढा बल्बसुद्धा.
सॉकेटात टेस्टर: लालच.

घाबरले नाही म्हटलं तर खोटं होईल.
एकट्या टेस्टरचं ऐकू नये म्हणून
होल्डरातला बल्ब लावून बघितला.
अंधाऱ्या घरात तो एकटा
भरपूर पेटला.

मग बॅटरी घेऊन वायरीच्या मागं निघाले.
फळीमागून, पिठाच्या डब्यावरून,
वर वाशाला बांधलेली, सुताच्या गाठीनं.
मागावर तुटलेला धागा सांधायची ती गाठ.
बाबांची.
पुढं भिंतीतल्या भोकातून शेडात.
शेडाचं मीटर वेगळं, तिथलं युनिट स्वस्त.
चार पैसे वाचावेत म्हणून बाबांनी
आईच्या मिक्सरला मागाची लाईट पाजली होती,
अकरा वर्षं,
आणि कुणाला न सांगता गेले.

शेडात बाळेशचा माग चालू.
"काठ होऊ दे गे, दोन वीत राहिलाय."
दोन वीत थांबले.
मग त्यानं मेन पाडला, मी फ्यूज उपसला.
खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिलं, चालू करू नका.
खाली कन्नडात, हाकब्याड्री,
कारण माडीवरची निंगव्वा तेवढंच वाचते.
आणि तिच्या नातवाला
अजून दोन्हीतलं एकही अक्षर येत नाही,
त्याच्यासाठी फ्यूज कनवटीला.

आता टेस्टर काळा. बल्ब काळा.
पण टेस्टरच मेला असेल तर?
माडी चढून निंगव्वाच्या सॉकेटात घातला. लाल.
"काय बघतेस?"
"जिवंत आहे का बघते."
"कोण?"
हसू आवरत खाली आले,
परत एकदा बघितलं,
मगच स्क्रू फिरवला.

जळकं सॉकेट हातात आलं, आतून कोळसा.
अडगी मनीच्या लायनीवरून नवी वायर ओढली.
बाबांची गाठ मात्र सुटेना.
सुटायला ती मारलीच नव्हती.
कापली.

घराची बटणं एकेक वर केली. फ्रिज खाकरला.
झालं म्हणून भांडी घासायला बसले
तोवर शेडातून हाक,
"फ्यूज कुठं ठेवलीस गे?"
ओल्या हातानं कंबर चाचपली
आणि हात तसाच मागं घेतला.
"थांब रे," म्हटलं,
"हात पुसते आधी."