गाणं खाली

सांगलीला बदली होऊन तेरा आठवडे झाले
आणि अजून मी कुणाला समोर बसून गाताना ऐकलं नव्हतं.
ऑफिसात विचारलं, इथं रात्री गाणं कुठं असतं?
उपाध्येबाई म्हणाल्या, गणपतीत.
शिपाई म्हणाला, लग्नात, पण ती आता संपली.
साहेब म्हणाले, मॅडम, नाटकाचं गाव आहे हे,
आणि फाइल पुढं सरकवली.

मग मीच निघाले, शंभर फुटी रस्त्यानं,
टायरची दुकानं, क्लासेस, बंद झालेला रसवंतीचा चरक,
आणि एक बोर्ड : लाइव्ह म्युझिक, फक्त शुक्रवार.
'शुक्र'ची ट्यूब गेलेली. रात्री नुसता 'वार' दिसायचा,
कुठला, ते विचारावं लागे.

दारातल्या माणसानं माझ्यामागं कोण आहे ते पाहिलं.
माझ्यामागं रस्ता होता.
फॅमिली वर, तो म्हणाला.
आणि गाणं?
गाणं खाली.

वर एसी, प्लॅस्टिकची जास्वंद,
कुणाच्या तरी वाढदिवसाचा फुगा छताला चिकटून बसलेला.
गाणं जिन्यानं यायचं,
एकेका पायरीवर थांबत,
गुडघे दुखणाऱ्या पाहुण्यासारखं.
मधेच किचनचा मिक्सर लागला
की अख्खं कडवं चटणीत जायचं.
सिद्राम वेटर पापड ठेवता ठेवता म्हणाला,
जिन्याजवळचं टेबल घ्या ताई, तिथं जरा बरं येतंय.

चार शुक्रवार मी जिन्याजवळ बसले.
गाणाऱ्याचा चेहरा माहीत नव्हता,
त्याचा खोकला ओळखीचा झाला.
वरच्या सुराला जाण्याआधी तो किंचित थांबे,
ओढा ओलांडताना माणूस चपला हातात घेतो तसा.
आणि कीबोर्डवाला थांबायचा त्याच्यासाठी,
पाण्यात आधीच उतरून.
बिलाच्या पाठीवर मी लिहून पाठवलं :
वर ऐकू येतं.
सिद्राम उत्तर घेऊन आला :
आम्हाला वाटलं, वर कुणी नसतं.

पाचव्या शुक्रवारी, खुर्च्या टेबलांवर चढल्यावर,
मी खाली गेले.
गाणारा शाल गुंडाळून केव्हाच निघून गेला होता.
कीबोर्डची वायर कोपरावर गुंडाळत
एक बाई उभी होती. पद्मजा चौगुले.
दिवसा हळदीच्या अडतीत हिशेब लिहिते, म्हणाली,
आणि पांढऱ्या पट्ट्यांवर खरंच
कडेकडेनं पिवळं लागलं होतं.

म्हणजे खाली बाई चालते?
वाजवायला, ती म्हणाली. बसायला नाही.
आम्ही दोघी इतक्या हसलो
की सिद्रामनं मोरीतून डोकं बाहेर काढलं.

तिच्या स्कूटीवर, मधे कीबोर्ड आडवा,
आम्ही आयर्विन पुलापर्यंत गेलो.
पावणेबारा. भडंगाचा एक पुडा, दोन कटिंग,
पोलिसाची गाडी एकदा हळू झाली, मग गेली.
खाली कृष्णा अंधारात, आहे इतकंच कळत होतं.

मी म्हटलं, मिक्सरनं खाल्लेलं ते कडवं
मला अजून मिळालेलं नाही.
तिनं मांडीवर कीबोर्ड घेतला.
सेल नव्हते. उघडं दुकानही नव्हतं.
तरी वाजवलं तिनं,
टक टक टक,
नखं, प्लॅस्टिक, मधला एक थांबा,
तोच, चपला हातात घ्यायचा,
आणि मग पलीकडं.

भडंगाचा कागद मी चुरगळत होते, तो थांबवला.
एक पट्टी जरा सैल आहे, ती म्हणाली,
तिचा आवाज दुसरा येतो. कळला?
कळला, मी म्हटलं.

पुढच्या शुक्रवारी?
सेल आण, ती म्हणाली. सहा. मोठे.