चावते का

इतवारीत दुकानदारानं विचारलं,
"नाली तुंबली काय, बाई?"
मी हो म्हटलं.
साबणासाठी पाहिजे म्हटलं असतं
तर अजून दहा मिनिटं गेली असती.

स्कूटीच्या डिक्कीत कॉस्टिक सोडा,
पायाशी खोबरेल, एरंडेल,
आणि उईकेबाईंनी गावाहून आणलेलं
मोहाच्या टोळीचं तेल, दारूच्या बाटलीत.
सिग्नलवर शेजारचा बघत होता.

नियम एकच, फ्रिजवर चिकटवलेला:
सोडा पाण्यात. पाणी सोड्यात नाही.

पहाटे साडेचार, गच्ची.
नवतपा लागला होता,
सातनंतर नळच चहाएवढं पाणी सोडतो.
हातमोजे, भावाचा वेल्डिंगचा चष्मा.
दाणे पडले, पाणी धुरकटलं,
जगाला बाहेरूनही हात लावता येईना.
खाली जाळ नाही, काही नाही.

आई जिन्याच्या पायरीवर.
महालात आमची लॉन्ड्री होती, एकोणतीस वर्षं,
बाबा इस्त्रीला, ही भट्टीला.
सोडा ती मुठीनं टाकायची
आणि मी इथे पॉइंट चार ग्रॅमवर अडलेली.
"एवढं कायले मोजून राहिली वं?"
मी तिच्या बोटांकडे बघितलं
आणि काटा पुन्हा शून्यावर आणला.

रेशनच्या मशीनला तिचा अंगठा सापडत नाही.
ती तो पदराला पुसते, फुंकर मारते, परत ठेवते.
मागची रांग उसासे टाकते.

ब्लेंडर उचलला की वर रेघ राहिली पाहिजे,
घट्ट पिठल्यावर राहते तशी.
राहिली!
मी एवढ्या जोरात ओरडले
की खालचे डोंगरे बाहेर आले.
संत्र्याच्या सालीची पूड, मग ओतलं
संत्रा बर्फीच्या रिकाम्या डब्यात.

टॉवेलात गुंडाळून ठेवा,
ऊब जाऊ देऊ नका, असं लिहिलं होतं.
कुणीतरी थंड देशात बसून लिहिलं असणार.
मी नागपुरात, मे महिन्यात, गुंडाळलं.
बारा वाजता डबा फुगला,
मधोमध तडकला,
आणि कडप्प्यावरून तेल निघालं मोरीच्या दिशेनं,
जणू त्याला रस्ता माहीत होता.
आई हसली. बऱ्याच दिवसांनी,
म्हणून मी रागावले नाही.

दुसऱ्या वेळी पाण्याऐवजी बर्फ घेतला.
डबा रात्रभर फ्रिजमध्ये, आमरसाच्या शेजारी,
वर चिठ्ठी: खाऊ नका.

सकाळी मी सुरी शोधेपर्यंत
आईनं कोपऱ्यात अंगठा दाबून बघितला होता.
"अगं, हातमोजे! अजून ताजा आहे तो!"
"त्याले खायले काय ठेवलं हाये इथं,"
असं म्हणून तिनं अंगठा पाण्याखाली धरला.
वडीवर खळगा राहिला,
आत एकही रेघ नव्हती.

नऊ वड्या इस्त्रीच्या जुन्या टेबलावर.
सहा आठवडे नुसतं थांबायचं,
हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.
दर रविवारी आई बोट वडीवर फिरवायची
आणि जिभेच्या टोकाला लावायची.
"चावते."
मी कॅलेंडरवर फुली मारायची.
"चावते, पण कमी."
सोड्याची चव तिच्याइतकी
आमच्या गल्लीत कोणाला ठाऊक नाही.

सहाव्या रविवारी ती थांबली.
पुन्हा लावलं.
"गेला," म्हणाली.
कुठे गेला, ते विचारलं नाही तिनं.
मी सांगणार होते, की तेलात गेला, सगळाच,
आता वेगळा काढू म्हटलं तरी निघत नाही.
पण ती खळग्याची वडी घेऊन
मोरीत गेली होती.

नळ बराच वेळ चालू राहिला.
एरवी पाण्यासाठी ती मला ओरडते.

बाहेर आली, हात न पुसता.
"फेस कमी हाये."
मी वहीत लिहिलं: खोबरेल वाढवणे.
वडी परत मागितली, बघायला.
दिली नाही.