हातचा

मार्केट सर्कलच्या मागे, कापडाच्या दुकानावर
आमची खोली. तीन टेबलं, एक जनरेटर
आणि हरमॅटनची धूळ, जी कीबोर्डच्या फटींत
आमच्याआधी कामाला येऊन बसते.

सेरवा म्हणाली, पीएचपीत लिहू या.
दुसऱ्यांना पोर्टलं बांधून देतो आपण
आणि स्वतःचं बजेट या उसन्या चौकटींत?
मी म्हटलं, चौकटी चालतात की.
एबोच्या केंकी-मासळीपासून डिझेलपर्यंत
सगळं त्या एका शीटमध्ये मावतं.
तिने ऐकलं नाही. मीही फार ताणलं नाही.

कोड चुकला तर ओरडतो:
ओळ एकशे बारा, अर्धविराम राहिला.
शीट चुकली तर चुकीची बेरीज
नीटनेटकी मांडून गप्प बसते,
पोटात दुखत असताना
आग्रहाचं वाढून घेणाऱ्या पाहुण्यासारखी.
त्यामुळे रात्री मलाही तिचंच खरं वाटायचं.
सकाळी डिझेलवाला यायचा.
त्याला ओळ एकशे बाराशी काही देणंघेणं नसायचं.

अकरा आठवडे.
लॉगिन झालं. महिन्यांची यादी झाली.
बटणाचा निळा दोनदा बदलला.
मग बंदरातल्या ऑफिसचं बिल पुन्हा लांबलं
आणि मी जुनी शीट उघडून
एक ओळ वाढवली: सेरवाचे तास.
दर तोच, जो आम्ही परक्यांना लावतो.
एंटर.

बेरजेच्या जागी नुसतं कुंपण उमटलं:
########
"बिघडली बघ तुझी शीट," ती म्हणाली.
बिघडली नव्हती. रकाना अरुंद होता,
आकडा आत मावत नव्हता, इतकंच.
मी सांगितलं नाही.
तिनेच माउस घेतला, रकान्याची कड धरून
ओढत गेली, आणखी थोडी, आणखी थोडी.

आकडा दिसला.
खाली दुकानात कुणीतरी सहा यार्ड कापड
टर्रकन फाडलं.
एबो म्हणाला, लाइट आली वाटतं,
आणि उगाचच जनरेटर बंद करायला गेला.

तिने प्रोग्रॅम पुसला नाही. नुसता मिटला.
मी जिंकलो असं म्हणवत नाही;
तिच्या त्या निळ्या बटणावर, ती नसताना,
मी दोन-चारदा क्लिक करून पाहिलंय.
छान दाबलं जातं.

दुसऱ्या दिवशी शीटच्या तळाशी
तिने टाकलेली एक ओळ सापडली: हातचा.
शाळेत बेरजा करताना
जो मी दर वेळी विसरायचो, तोच.
समोरचा चौकोन रिकामा.
शून्यसुद्धा नाही.