पाच मीटर वीस

शेडमध्ये मोजून जागा निघाली पाच मीटर वीस.
म्हणून होडीही तेवढीच.
"जास्त लांब झाली तर?" मी विचारलं.
"तर कोंबड्या पावसात," आर्तेमियो म्हणाला
आणि खडूने जमिनीवर एक लांबट मासा काढला,
डोळा न काढलेला.

सामनच्या पिंजऱ्यांवरचं त्याचं काम मार्चमध्ये सुटलं.
हातावर टेकवले त्या पैशांतून
आधी छपराचे पत्रे, मग धाकटीचे दात.
उरलं त्यात लाकूड.
सायप्रसच, पण पाडलेल्या शाळेच्या भिंतीचं.
एका फळीवर चाकूने कोरलेलं नाव अजून वाचता येतं:
रुबेलिंदा.
ती फळी त्याने पाण्याच्या रेषेखाली घेतली नाही.

बरगड्यांना लूमा. अडेल लाकूड.
निचऱ्याच्या फेकलेल्या पाइपात ते वाफवायचं,
एका टोकाला आमची किटली,
दुसऱ्या टोकाला चिंध्यांचा बोळा,
आणि तास भरला की मोजे चढवून धावायचं,
थंड व्हायच्या आत वाकवायचं.
दहांतल्या चार कडाडल्या.
त्या चुलीत गेल्या. त्या रात्रीचे बटाटे
आम्ही खाल्लेले सगळ्यांत महाग बटाटे.

शीड मी शिवलं,
माशांच्या खाद्याच्या रिकाम्या पोत्यांचं.
पंधरा पोती, उसवून, घासून, तारेवर टाकून.
वास काही गेला नाही.
एका पोत्यावरचा छापील मासा उलटा लागला,
शेपूट आभाळाकडे.
"उसवू?"
"राहू दे, बुडी मारतोय."

वही त्याची. त्यात त्याच्या तिरक्या अक्षरात:
तांब्याचे खिळे, दोन किलो, नऊ हजार पेसो.
त्याच दुकानाची फरशी मी दर शनिवारी पुसते.
नऊ हजारांत तिथे अर्धा किलो मिळतो,
तोही मालक खुशीत असला तर.
मला कळलं होतं;
कळलंय हे मी त्याला कळू दिलं नाही.
भिंतीवरचं अकॉर्डियन "दुरुस्तीला" जाऊन
तिसरा महिना लागला होता.
खिळा मात्र तिथेच होता, लोखंडी, फुकटचा.

मीही सांगितलं होतं,
शिडाचा दोरा दुकानदाराने असाच दिला.
असाच!
सहा शनिवार.

ओढायला गावाला हाक दिली.
इथे मिंगा जमते, मग घर हलवायचं असो की होडी.
बैलांना गवत, माणसांना शिंपले आणि बटाटे,
पुढच्या वेळी तू त्यांच्याकडे.
पैशांची गोष्ट कुणी काढत नाही.
भरती चढली, होडी तरंगली,
आणि पाणी आत आलं.
थोडं नाही. घोट्यापर्यंत.
सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले.

म्हातारा उर्बानो तेवढा हसला.
"पिऊ दे की तिला. वर्षभर शेडमध्ये कोरडी बसलीय."
मग बादल्यांनी आम्हीच तिला काठोकाठ भरली,
बांधून ठेवली आणि घरी आलो,
जसं काही हेच ठरलं होतं.

रात्री ओहोटी फार दूर गेली.
होडी चिखलात बसलेली,
समुद्र निघून गेलेला,
तिच्या पोटात भरती तशीच.
मी कंदील खाली धरला.
आलेर्सेच्या सालीचा काथ्या ठोकला होता तिथे,
तिसऱ्या फटीत,
एक थेंब फुगत होता.
पडला. मी मोजायला लागले, सवय.
चार आकड्यांनी दुसरा.
मग नऊ.
मग एकवीस.

मागे चिखल पचपचला. तो, बूट उलटसुलट पायांत.
"अकॉर्डियन कितीला गेलं?"
तो काहीच बोलला नाही.
फटीवर बोट फिरवलं, जिभेला लावलं.
"खारट," म्हणाला,
दुसरं काही निघेल अशी त्याला
थोडी तरी आशा असावी तसा.