साठ टक्के

आयटीआयला मला साठ टक्के पडले.
फिटर. शिक्का आहे, सही आहे.
उद्यमबागेत तीन वर्षं फाईल हिंडवली
प्लॅस्टिकच्या पिशवीत, घामाने कोपरे चिकटलेली.
फाउंड्रीच्या गेटवर एकच पाटी: नो व्हेकन्सी.
इंग्रजीत.
तिला अजून कुणी काळं फासलेलं नाही.

मग हुकूम आला,
पाटीचा साठ टक्के भाग कन्नडमध्ये पाहिजे,
आणि मला काम लागलं.

खडे बाजारात शिडी लावून
मी दुकानांची नावं बारीक करतो.
कापडवाले केसरकर हातभर होते, वितभर उरले.
शिडीखाली उभं राहून म्हणाले,
"जरा ठळक तरी काढ गा."
ठळक काढलं. ठळकचे वेगळे पैसे घेतले नाहीत.
कन्नड अक्षरं गोल, ब्रश फारसा उचलावा लागत नाही;
शाळेत छड्या खाऊन जी आली नाहीत
ती फुटाच्या दराने आली.

त्या रात्री भावकू उशिरा आला.
आईने ताट झाकून ठेवलेलं.
नखं काळी, मनगटापर्यंत डांबर.
कुठली पाटी, ते मी विचारलं नाही.
सकाळीच वाळली होती ती.

माझ्याकडचा थिनर घेतला,
मोरीत उकिडवं बसून त्याची बोटं घासली
एकेक करून,
मार्कंडेयात डुंबून आल्यावर घासायचो तशी.
"काय करुलालास बे हे?
पहाटे कॅम्पात भरतीसाठी पळतोस
आणि रात्री असलं?"
तो पाण्याकडे बघत म्हणाला,
"रात्री तरी कोण नाव घेऊन बोलावतंय."

केस झालीच. सतरा जण.
तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात
समोरच्या बाकावर समोरची पोरं,
लाल-पिवळे पट्टे घडी करून खिशात कोंबलेले.
त्यांची केस एसटीच्या काचांची.
त्यातला ईरप्पा, गोकाककडचा,
डिप्लोमा मेकॅनिकल, त्रेसष्ट टक्के,
सरकत सरकत आमच्या बाकाशी आला.
"पेन ऐतेनु?"
भावकूने दिलं.
गुडघ्यावर भरतीचा फॉर्म.
नाव, बापाचं नाव, उंची, छाती फुगवून किती,
मग तो रकाना:
आपल्यावर गुन्हा दाखल आहे काय.

पेन तिथं थांबलं.
भावकू त्याच्या खांद्यावरून वाचत होता,
जणू परीक्षेत शेजाऱ्याचा पेपर.
शिपायाने कुणाचं तरी नाव पुकारलं, चुकीचं.
दोघेही उठले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. केसरकर.
पाटी पुन्हा रंगवायची, उद्याच्या उद्या,
शेजारच्या चार दुकानांचीही.
मी दर सांगितला, दहा रुपये चढवून.
व्हरांड्यात माझा आवाज जरा मोठा निघाला असावा,
भावकूने वळून बघितलं.

मी खूश होतो.